उमाताई, मारुती परत आलेला नाही

उमाताई, तू गेलीस त्याला एकोणीस दिवस झाले, तरी आपल्या विणकामाच्या गटावर लोकांचं हात जोडणं थांबलेलं नाही. तुझा एकच फोटो फिरतो आहे, पार्श्याच्या तुमच्या दुकानातला, मांडीवर दोऱ्याचा गुंडा आणि मागे बिस्किटांच्या बरण्या. त्याखाली फुलं, समया, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी एकेक वाचते आणि माझं डोकं तापतं. ज्यांनी तुझ्या एका फोनला कधी धड उत्तर दिलं नाही, त्याही लिहितायत की तुम्ही आम्हाला आईची माया दिलीत. आणि सगळ्यात लांबलचक मजकूर कुणाचा, सांग. फोंड्याच्या वैजयंतीचा. ‘उमाताईंनी या गटात येणाऱ्या प्रत्येकाचं मनापासून स्वागत केलं. त्यांचा हा वारसा आपण सगळ्यांनी पुढे न्यायचा आहे.’ त्याच्यावर बदामांची रांग लागली आहे.

मला त्याखाली काय लिहावंसं वाटलं ते तुला वेगळं सांगायला नको. तू असतीस तर मी एक अक्षर टाइप करायच्या आधी तुझा फोन आला असता. ‘संध्या, जांव दी गो.’ जाऊ दे. आठ वर्षं मी तुझं हे ‘जांव दी’ ऐकलं. आता सांगायला तू नाहीस, म्हणून मी जाऊ देणार नाही. मी रागावलेली आहे आणि त्यातला बराचसा राग तुझ्यावर आहे. तो गटावर लिहिता येत नाही. मेलेल्या माणसावर रागावलेलं लोकांना चालत नाही. म्हणून तुलाच लिहिते.

गटाचं नाव ‘साखळी’ तू ठेवलंस. क्रोशाचं कुठलंही विणकाम साखळीनेच सुरू होतं, म्हणून. नाव ठेवताना आमच्या डिचोली तालुक्यात साखळी नावाचं मोठं गाव आहे हे तुला आठवलं नाही, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. दर आठवड्याला कुणीतरी त्या गावाचा गट समजून आत शिरायचं. म्हापशाची बस किती वाजता आहे, दाताचा डॉक्टर कुठल्या दिवशी बसतो, काजूच्या बिया कोण घेतं. दुसरी कुणी असती तर त्यांना लगेच बाहेर घालवलं असतं. तू मला फोन लावायचीस, कारण मी डिचोलीची. मी ऑफिसात फाइली बाजूला सारून बसची वेळ विचारून घ्यायची, तू ती गटावर टाकायचीस आणि खाली लिहायचीस, ‘आलाच आहात तर बसा थोडी. इथे विणकाम चालतं.’ त्यातल्या दोन-तीन जणी खरंच बसल्या. बस विचारायला आलेली पाळी गावची ती बाई आज दारावरची तोरणं विणते आणि तिच्या गावात तिला तोरणवाली म्हणतात.

मी स्वतः आले ते एक बिघडलेला रुमाल घेऊन. गोल रुमाल करायला घेतला आणि त्याच्या कडा वर वळायला लागल्या. चार दिवस धीर गोळा केला आणि मग फोटो टाकला. तुझा आवाज आला. टाइप करायचा तुला कंटाळा, तू बोलूनच पाठवायचीस, मागे दुकानात कुणीतरी पावाचे उंडे मागत असायचं. तू म्हणालीस, ‘रुमालाची वाटी झाली म्हणतेस? मग या वेळी वाटीच असूं दी. पुढच्या वेळी दर फेरीत बारा खांब जास्त घाल, टाके वाढले की आपोआप सपाट बसेल.’ एवढंच. चूक सांगितलीस, पण माझ्याकडून काही हिसकावून घेतलं नाहीस. ती वाटी मी घट्ट करून घेतली आणि घराच्या किल्ल्या तिच्यात ठेवायला लागले. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि कितीतरी दिवसांत कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते आहे, तेही भांडताभांडता.

पुढे तू मला जोडीला घेतलंस. ‘तू शाळेच्या ऑफिसात असतेस, तुका कंप्युटर कळता.’ गट आपण दोघींनी चालवायचा. मी पहिल्याच दिवशी विचारलं, नियम काय लिहू. तू हसलीस. ‘घरात माणूस आलं तर तेका पाटी दाखवतात काय? कदेल देतात बसायला.’ खुर्ची द्यायची, नियम नाही. तेव्हा मला ते फार आवडलं होतं. तेव्हा आपण साठ-सत्तर जणी होतो.

मग टाळेबंदी आली. लोक घरात अडकले, हाताला काम नव्हतं, आणि गट भराभर फुगला. त्याच दिवसांत वैजयंती आली. तिचं काम आपण दोघींनी पुन्हा पुन्हा मोठं करून पाहिलं होतं, आठवतं? इतकं सारखं, इतकं स्वच्छ की उलट कुठली आणि सुलट कुठली ते कळू नये. तू म्हणालीस, हिच्याकडून शिकण्यासारखं आहे. होतंच. पण ती शिकवत नव्हती. ती दुसऱ्यांच्या फोटोखाली एक शब्द लिहायची. ‘उसवा.’ का उसवा, कुठून उसवा, काही नाही. तिच्यामागे आणखी चार-पाच जणी तसंच लिहायला लागल्या. मयेची कॉलेजातली एक मुलगी, कोरगावची डोळे अधू झालेली आजी, एकेकीने एकेक फोटो टाकला आणि पुन्हा टाकला नाही. आजीला तर कुणीतरी लिहिलं होतं, आधी चष्मा बदला. मी तुला म्हटलं, हे थांबव. तू म्हणालीस, बोलते तिच्याशी. आणि तू बोलायचीस. अर्धा अर्धा तास फोनवर. वैजयंती आठ दिवस गोड वागायची, नवव्या दिवशी पुन्हा ‘उसवा’.

मग मारुती आला.

त्याचं पहिलं लिहिणं मला अजून पाठ आहे. ‘मी मारुती. गाव चंदगड तालुक्यात. कामाला तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत. मुलीच्या बारशासाठी टोपडं विणलं आहे. पहिलंच आहे. कसं झालं सांगा.’ सोबत फोटो. पिवळ्या लोकरीचं टोपडं, स्टीलच्या तांब्यावर पालथं घातलेलं. माथ्याला खांब कुठेही वाढवले होते, त्यामुळे जागोजागी फुगवटे आले होते. एक कान दुसऱ्यापेक्षा लांब. पण बंद किती नीट लावले होते. कुणीतरी बाळाच्या हनुवटीखाली ते बांधणार आहे, हे त्याने डोळ्यांसमोर ठेवलं होतं.

वैजयंतीने लिहिलं, ‘हे टोपडं आहे की फणस?’

त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची नुसती रांग लागली. चाळीसच्या वर. मग दुसरीने लिहिलं की पुरुषांना गटात घेतलं की असंच होणार. तिसरीने लिहिलं, फणस पिकल्यावर कापायला बोलवा. दीड-दोन तासांत एवढं सगळं. तू त्या दिवशी दुकानाचा माल आणायला पेडण्याला गेली होतीस. संध्याकाळी परत येऊन गट उघडलास तेव्हा मारुती गटातून निघून गेला होता.

तू काय केलंस? फोटो काढून टाकलास. त्याखालचं सगळं बोलणं पुसलंस. ‘त्याला पुन्हा वाचायला लागू नये म्हणून,’ असं मला म्हणालीस. आणि वैजयंतीला फोन केलास. गटावर एक ओळ लिहिली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी गटावर कुणाचं तरी निळं टेबलक्लॉथ आलं, त्याची वाहवा झाली, आणि चाळीस जणींना वाटलं, काही झालंच नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते वर्षभर चाललं. मी म्हणायची, वैजयंतीला काढ. तू म्हणायचीस, ‘तिका काढली तर ती जातली खंय?’ कुठे जाईल ती. नवरा दुबईला, मुलगी सासरी, दिवसभर घरात एकटी, तुला तिची कीव. मी म्हणायची, मारुती कुठे गेला त्याची कीव नाही का. तू गप्प बसायचीस. मला वाटायचं, तुझ्याकडे उत्तर नाही. मी तुला भित्री म्हटलं. तुला सगळ्यांनी चांगलं म्हणायला हवं असतं, असंही म्हटलं. तू फक्त ‘असूं दी’ म्हणालीस.

आपला शेवटचा फोन. शाळेत दुपारची सुट्टी झाली होती, मी व्हरांड्यात उभी होते. आदल्या दिवशी वैजयंतीने आणखी एका नवीन बाईला रडवलं होतं. मी म्हटलं, ‘आज ठरव. ती नाहीतर मी.’

‘असं बोलूं नको गो.’

‘तू काहीच करत नाहीस, ताई. एक वर्ष झालं. तू फक्त पुसतेस.’

तू खोकत होतीस. मला वाटलं, वेळ काढते आहे. मग तू अगदी हळू म्हणालीस, ‘संध्या, त्या हसणाऱ्यांत तूपण होतंस.’

मी फोन बंद केला.

खरं होतं ते. प्रवेशाचे दिवस होते, माझ्या टेबलासमोर पालकांची रांग होती, मोबाइल ड्रॉवरमध्ये अर्धवट उघडा. मी फणसाचं वाक्य वाचलं, मला खुदकन हसू आलं आणि मी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. पुढच्या पालकाचा अर्ज घेतला. संध्याकाळी गट बघितला आणि चिडून तुला फोन केला, वैजयंतीच्या नावाने. माझं बोट मला आठवलंसुद्धा नाही. तू फोटो पुसण्याआधी नावं वाचली होतीस. वर्षभर मी तुझ्याशी भांडले, तुला नको ते बोलले, आणि तू ते वाक्य तोंडात धरून बसलीस. का ग? पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी मेले नसते. लाजले असते. लाजायला हवंच होतं. मला तू सांभाळून घेतलंस, जसं वैजयंतीला घेत होतीस. मी तुझ्या लेखी तिच्याच रांगेत होते, आणि मला ते कळूही दिलं नाहीस.

त्यानंतर मी नऊ दिवस फोन केला नाही. तू दोनदा केलास, मी घेतला नाही. तुला ताप होता हे तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. दुकानात बसून राहिलीस, अंगावर काढलंस. दहाव्या दिवशी ऑफिसात चहा पिताना मी गट उघडला आणि तुझा फोटो दिसला, खाली फुलं. पाळीच्या तोरणवालीने टाकला होता, तिला कुणाकडून तरी कळलं होतं. मला तुमच्या घरून फोन नाही, काही नाही. आठ वर्षं तुझ्याबरोबर गट चालवणाऱ्या बाईला तू गेल्याचं गटावरून कळलं. तुझ्या नवऱ्याने, अण्णांनी, नंतर सांगितलं की त्यांना माझा नंबर सापडला नाही, तुझ्या मोबाइलमध्ये माझं नाव ‘बाय’ म्हणून होतं. त्यांना वाटलं, तुझी बहीण.

तुझ्या अकराव्या दिवशी मी पार्श्याला आले. दोन बस बदलून, दुपारी पोचले. अंगणात कदेलां मांडली होती, आणि एक तिशीतला माणूस त्यातली चार-चार एकावर एक रचून शेजाऱ्यांकडे पोचवत होता. मला वाटलं, तुमचा कुणी नातेवाईक. अण्णा जनेलाकडे, खिडकीतून बाहेर बघत, बसले होते. तुझ्या नवऱ्याला मी इतकं कमी बोलताना पाहिलं आहे की त्यांनी हाक मारली तेव्हाच मी दचकले. ते म्हणाले, ‘हो मारुती. तुयेंच्या कारखान्यातलो. दर आयताराक येता, हिच्याकडे शिकूक.’

‘तो इथे कसा?’ मी विचारलं.

‘तिनं तेका शोधून काढलो,’ अण्णा म्हणाले. ‘तीन दिवस शिफ्ट सुटताना वसाहतीच्या गेटीर उभी होती. भायर येईल तेका विचारी, तुमच्यात टोपडां विणणारो मारुती कोण?’

मारुती तोवर येऊन पायरीवर बसला होता. तो म्हणाला, ‘सगळ्यांसमोर विचारलं वो बाईंनी. पन्नास-साठ माणसं. मला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं.’

‘हसले असतील,’ मी म्हटलं.

‘न्हाई. एकजण हसायला लागलावता. बाईंनी त्येच्याकडं बघितलं. म्हणल्या, तुला येतं काय रे विणायला? न्हाई म्हणला. मग हसतोस कशाला, म्हणल्या. सगळे गप्प. त्येच्यानंतर कारखान्यात कोण काय बोललं न्हाई मला. एकदोघं उलट विचारत्यात, आमच्या पोरीला करून दे म्हणून.’

उमाताई, ते ऐकल्यावर मला तुझ्या घरात, तुझ्या फोटोपुढे संताप आला. म्हणजे तुला येत होतं. गेटवर उभं राहून अनोळखी पुरुषांच्या घोळक्याला एका वाक्यात गप्प करणं तुला येत होतं. मग तेच वाक्य गटावर का लिहिलं नाहीस? तुला येतं का विणायला, मग हसतेस कशाला. एवढंच. वैजयंतीला येतं, तिला दुसरं काहीतरी लिहिलं असतंस. पण चाळीस जणींनी ते वाचलं असतं. जी नवीन बाई घाबरत घाबरत आपला पहिला फोटो टाकायच्या विचारात होती, तिने वाचलं असतं. तू मारुतीसाठी तीन दिवस उन्हात उभी राहिलीस, त्याला घरी आणलंस, जेवायला घातलंस, वर्षभर दर रविवारी शिकवलंस. त्याचं एकट्याचं सगळं केलंस. गटाचं काहीच केलं नाहीस. आणि हे सगळं माझ्यापासून लपवलंस, मी तुला भित्री म्हणत असताना. तुला चांगलं करायचं असायचं तेही चोरून.

मी मारुतीच्या शेजारी पायरीवर बसले. म्हटलं, ‘मी संध्या. गटावरची. त्या दिवशी तुमच्या टोपड्यावर मीही हसले होते.’

‘म्हाईत हाय.’ तो रागाने बोलला नाही. ‘नावं दिसतात की खाली. सगळी वाचली मी. उमाबाई म्हणल्या, संध्या चांगली बाई हाय, चुकून बोट लागलं असंल.’

‘चुकून नाही. हसू आलं होतं.’

त्याने मान हलवली. ‘आलं असंल. वाकडंच होतं ते. पण माझ्या पोरीचं होतं.’

त्याने सांगितलं, आम्ही हसलो त्याच दिवशी खोलीवर बसून त्याने टोपडं पूर्ण उसवलं. बारशाला मोकळ्या हाताने गेला. बायकोने विचारलं, विणणार होतास ना, तर म्हणाला, कामातून वेळ झाला नाही. तुझ्याकडे शिकून त्याने दुसरं केलं, एकदम सुबक, मी पाहिलं त्याच्या मोबाइलवर. पण तोवर मुलगी उभी राहायला लागली होती आणि डोक्यावर काही ठेवू देत नव्हती. ते टोपडं गावी ट्रंकेत आहे. आता तो फ्रॉक विणतो आहे. तू होतीस तोवर गळ्याखालच्या योकपर्यंत आला होता, बाह्या कशा काढायच्या ते राहिलं. मी त्याला तिथेच पायरीवर बाहीचे खांब मोजून दिले. तू हे सगळं पाहून खूश झाली असतीस. मी खूश नव्हते. बारसं एकदाच होतं, ताई. ते तू कुठल्या रविवारी भरून काढलंस?

निघताना मी त्याला म्हटलं, ‘गटावर परत या. मी बघते कोण काय बोलतं ते.’

तो चपला घालत होता. ‘नको वो ताई. घरात बसवलं तर बसतो. तिथं आत कोण कोण हाय ते दिसत न्हाई. दाराशी चपला असत्या तर मोजून तरी आत गेलो असतो.’

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी न्याहारी झाल्यावर मी टेबलाशी बसले आणि गटावर लिहिलं. तीनदा लिहून पुसलं, चौथ्यांदा तसंच टाकलं. तू वाचलं नाहीस, म्हणून इथे उतरवते.

‘मी संध्या. गेल्या वर्षी मारुती नावाच्या सभासदाने मुलीच्या बारशासाठी विणलेलं टोपडं इथे दाखवलं होतं. आपण त्याला हसलो. मी पण हसले. उमाताईंनी तो फोटो काढून टाकला म्हणून ते घडलंच नाही, असं आपण धरून चाललो. ते घडलं. त्याने टोपडं उसवलं आणि मुलीचं बारसं टोपड्याशिवाय झालं. उमाताईंच्या फोटोखाली फुलं वाहणाऱ्यांनी हे वाचावं. यापुढे कुणाच्या कामाची इथे टर उडवली गेली तर मी मागाहून फोन करणार नाही. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, नाव घेऊन थांबवीन. त्याच माणसाने पुन्हा केलं तर त्याला गटात जागा नाही. कुणाला चूक दाखवायची असेल तर आधी विचारायचं, सांगू का. मारुती, तुम्ही हे वाचणार नाही. तरी माफी इथेच मागते, कारण हसले इथेच होते.’

तुझा ‘घरात पाटी नको’ हा हट्ट मी मोडला. पाटी लावली. नाइलाज होता. सत्तर जणींच्या घरात तुझा आवाज पुरत होता. शेकडो माणसं आल्यावर तो एकाच कानाशी पोचायचा आणि बाकीच्यांना वाटायचं, इथे काहीही चालतं.

तासाभराने एकीने लिहिलं, ‘माणूस जाऊन बारा दिवस झाले नाहीत आणि हे काय काढलंत?’ काही जणी न बोलता निघून गेल्या, त्यात चांगलं विणणाऱ्याही होत्या. मग कोरगावच्या आजीने लिहिलं. ती गेली नव्हती, इतके दिवस नुसती बघत होती. ‘मीपण हसलेलें. सगळी हसतत म्हणून हसलें.’ तिच्याखाली दुसरीने लिहिलं, मीही. मग आणखी तिघीचौघी. चाळीस नव्हे. पण ज्यांनी लिहिलं, त्यांनी आपापल्या नावाने लिहिलं.

वैजयंतीचा फोन दोन दिवसांनी आला. मी ऑफिसातून घरी येऊन कपडे वाळत घालत होते. नाव बघून मी उचलणारच नव्हते. मग तुझे दोन न उचललेले फोन आठवले आणि उचलला.

‘माझं नाव का नाही घेतलंस?’ तिने विचारलं.

‘कारण मग सगळ्या मिळून तुझ्यावर तुटून पडल्या असत्या आणि स्वतः मोकळ्या झाल्या असत्या.’

ती म्हणाली, ‘उमाताई मला एवढे फोन करायच्या. अर्धा तास माझ्या कामाचं कौतुक आणि ठेवताना एक वाक्य, जरा गोड बोल गो. मला वाटायचं, ते असंच, बोलायची पद्धत. एकदा जरी माझ्यावर ओरडल्या असत्या, संध्या, तरी मला कळलं असतं.’

‘तुला स्वतःला कळत नव्हतं?’

‘माझी आत्या सगळ्यांसमोर माझ्या हातातलं ओढून उसवायची. त्यातूनच हात बसला माझा.’

‘तेव्हा रडायचीस की नाही?’

‘रडायची.’

तिने मारुतीचा नंबर मागितला, माफी मागायला. मी दिला नाही. म्हटलं, ‘फोनवर गुपचूप नको. जिथे बोललीस तिथे लिही.’ तिने फोन ठेवला. मला वाटलं, गेली ही. खरं सांगू, मला वाईटही वाटलं नाही.

तिने चार दिवसांनी लिहिलं, म्हणजे काल. दोनच ओळी. ‘मारुती यांच्या टोपड्याला मी फणस म्हटलं होतं. ते चुकलं. मला माथ्याचे खांब कसे वाढवायचे ते सांगता आलं असतं, ते मी सांगितलं नाही.’ कुणी त्यावर बदाम टाकले नाहीत. कुणी काही लिहिलं नाही. मी पण नाही. माझा हात तिकडे वळला नाही, आणि त्याबद्दल तू मला बोलली असतीस.

त्या दोन ओळींचा फोटो काढून मी मारुतीला पाठवला. आज दुपारी त्याचं उत्तर आलं, ‘वाचलं. बघू.’

वर्षभराच्या भांडणाचं एवढंच माझ्या हाती आलं आहे, उमाताई, त्याचं ‘बघू’. तुला तेवढ्यावर समाधान झालं असतं, तू अण्णांना सांगत सुटली असतीस की पोर येणार. मला झालेलं नाही. तू माझ्या बाजूने एक ओळ लिहायला हवी होतीस आणि मी तुझा फोन उचलायला हवा होता. या दोन्ही गोष्टी आता होणार नाहीत, आणि त्याचा राग मी कुणाच्याही ‘जांव दी’वर सोडून देणार नाही.